धवल्याला कुलूप

१२ जानेवारी, सोमवार

भिंतीपलीकडून मी गात होते. आणि इकडे मी बोंबील साफ करत बसले होते!

आधी वाटलं, डोक्यात वाजतंय. सत्तरी जवळ आली की डोक्यात काय काय वाजतं. सुरी खाली ठेवली, हात पुसले, भिंतीला कान लावला. माझाच गळा! मागे ढोल, ताशा आणि ते धाड-धाड करणारं मशीन. मध्येच माझा आवाज तोडला, पुन्हा जोडला. मी बोंबलाचं डोकं उडवते ना, तसा.

पलीकडे हर्षद राहतो. माझ्या दिराचा, अंबादासभावोजींचा मुलगा. एक भिंत, दोन दारं. डीजे चालवतो. त्याचे स्पीकर लागले की आमच्या फळीवरची भांडी आपोआप पुढे सरकतात.

आता हे कागदालाच सांगते, कारण दुसरं कोणी घरात नव्हतं. पोरगा बोटीवर, सून मालाडच्या बाजारात, नात मैत्रिणीकडे. धवला, म्हणजे हळदीचं गाणं, हा माझा धंदा नाही, माझा मान आहे. धवलारणीने म्हटल्याशिवाय आमच्या कोळ्यांत हळद लागत नाही. आणि प्रत्येक हळदीचा धवला वेगळा. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, त्यांच्या आईबापांची नावं ओवायची, शेवंतीची वेणी ओवतात तशी. छत्तीस वर्षं ओवतेय. शाळा माझी तिसरीपर्यंत, मग डोक्यावर टोपली. पण मढपासून मनोरीपर्यंत नवरानवरींची नावं तोंडपाठ. मनोरीला गेले होते तेव्हा होडीतच एका बाईने— जाऊ दे, ते नंतर.

यंदा तुळशीचं लग्न लागल्यापासून दोन हळदी झाल्या. मला बोलावणं नाही. मी म्हटलं, विसरले असतील. आज कळलं. विसरले नव्हते. मला घेऊन गेले होते. मला न नेता!

१३ जानेवारी

रुचिकाला सांगितलं. रुचिका म्हणजे माझी नात, चोवीस वर्षांची, घरात बसून नोकरी करते. कानाला डबी लावून इंग्रजीत दुसऱ्यांना सॉरी म्हणायचं, त्याचा पगार मिळतो. ही वही पण तिनेच दिली. "आजी, जे बोलतेस ते लिहून काढ, म्हणजे आम्हाला जरा कमी पडेल!" कार्टी.

आधी हसली. मग भिंतीला कान लावला. मग नाही हसली.

दोन वर्षं तिने माझे धवले मोबाईलमध्ये घेऊन कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेत. एकसष्ट धवले. "आजी" नावाचं फोल्डर. फोल्डर म्हणजे डबा. "हा डबा हर्षदकाकाने उघडला," ती म्हणाली. "उघडला म्हणजे? आमच्या घरात शिरला?" तर म्हणे शिरावं लागत नाही. वायफाय आमचं, पण त्याच्या पोराची शाळा घरातून चालायची तेव्हापासून त्याच्याकडेही चालतं. म्हणजे विहीर एक, आणि दोन घरं पाणी भरतात. "विहिरीवर जो येतो त्याला आपला हंडा दिसतो," रुचिका म्हणाली. "दिसला तर दिसला! हात का घालतो?" तर खाली मान घालून म्हणे, "आजी, झाकण मीच काढून ठेवलेलं. टीव्हीवर फोटो बघताना सारखा पासवर्ड मागायचा म्हणून बंद केला होता."

सगळा राग पलीकडच्या घरासाठी ठेवला. वाया कशाला घालवू?

१४ जानेवारी

संक्रांत. हर्षदची बायको तिळगूळ घेऊन आली. "काकी, गोड बोला." गोड बोलले. मनात जे बोलले ते या वहीलाही सोसणार नाही.

१६ जानेवारी

बाजारात सुलक्षणा भेटली. माझ्या शेजारी बसते, कोलंबी विकते आणि बातम्या फुकट देते. म्हणाली, "गो अंजने, तुझी तब्बेत कशी हाय? गला कसा हाय?"

"माझ्या गळ्याला काय झालं?"

"हर्षद सांगतो सगल्यांना. काकीचा गला गेला, आता फक्त माझेकरं हाय तिचा आवाज."

गळा गेला! हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की तीन गल्ल्या पलीकडचा बर्फवाला बघायला आला. गेलेला गळा!

पण देव कुठेतरी असतो. सुलक्षणाने पुढचं सांगितलं. मागच्या महिन्यात एरंगळला हळद होती. नवरी अपूर्वा. हर्षदने माझा जुना धवला लावला, आणि स्पीकरमधून मी भरमांडवात अक्षताला हळद लावत होते! अक्षताचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तिला मूल आहे. नवऱ्याची आत्या उठून म्हणाली, "कोन ही अक्षता? आमच्या पोराचं आधीचं काय हाय काय?" हसून हसून मला कोलंबीच्या पाटीवर टेकावं लागलं.

घरी येताना हसू विरलं. भाटीच्या भिकाजी नाखव्याच्या मुलाची, दिपेशची हळद सात फेब्रुवारीला आहे. तीही हर्षदने घेतली. भिकाजी नाखव्याला हळद लागली ती माझ्या धवल्यावर. त्याच्या दोन बहिणींना लागली ती माझ्या धवल्यावर. भाटीच्या मांडवात आसपासची पाचही गावं जमतात. तिथे धवलारणीच्या जागी डबा वाजला की संपलं. मग मला कोणी बोलावणार नाही. मग मी फक्त बोंबील साफ करणारी म्हातारी.

हर्षद, तुला सोडणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज झाकण घातलं!! सगळं लिहिते, क्रमाने लिहिते.

रुचिका म्हणाली वायफायचाच पासवर्ड बदलू, काकाचं नेट तुटेल. मी म्हटलं नको. त्या वायफायवर अंबादासभावोजी दुपारी भजन ऐकतात. बिछान्यात पडलेल्या माणसाचं भजन कशाला तोडू? माझं वैर पोराशी आहे, बापाशी नाही.

मग तिने सेटिंग उघडली. आत गेली, आणखी आत गेली. कॉम्प्युटरमध्ये खोलीत खोली असते, मढच्या शूटिंगच्या बंगल्यांसारखी. एका खोलीत शेअरिंगचं पान. तिथे लिहिलेलं की बाहेरून येणाऱ्याला पासवर्ड विचारायचा की नाही. एक बटण, आणि ते "नाही"वर झोपलेलं. "दाब आजी, तूच दाब," म्हणाली. मी उंदीर धरला, बाण इकडे पळाला, तिकडे पळाला, शेवटी बटणावर बसला. टक्! बटण निळं झालं. माझ्या हाताने!

मला वाटलं झालं. तर नाही. म्हणे कुलूप लागलं पण किल्ली जुनीच आहे. नुसतं "विचार" म्हणून भागत नाही, विचारल्यावर सांगायचा शब्द धड पाहिजे. "तुझा काय शब्द आहे?" तर रुचिका आणि पुढे तिचं जन्मसाल. अगं, ते तर हर्षदच्या शेंबड्या पोरालाही सुचेल!

"मग तू सांग, आजी. असा शब्द की काकाच्या मनातसुद्धा येणार नाही."

मी विचार केला. म्हटलं, "ह्यांचं नाव घाल."

"आजोबांचं? ते तर काकाला माहीत आहे की."

"नाव माहीत आहे. पण ते नाव मी घेईन हे त्याला मरेपर्यंत सुचणार नाही. चाळीस वर्षांत त्याने ते माझ्या तोंडून ऐकलेलं नाही."

रुचिकाने दोन्ही हात की-बोर्डवर ठेवले. मग म्हणाली, "बोल मग, मी टाइप करते." मी कशी बोलू? म्हटलं रेशनकार्डावर बघ. अख्ख्या कोळीवाड्याची नावं धवल्यात घेतली, हे एक नाही घेतलं. ते गेल्यावरही नाही. तिने एकेक अक्षर दाबलं आणि पडद्यावर नुसते काळे ठिपके पडले. बघा, कॉम्प्युटरही नाव घेत नाही! शहाणा आहे.

पुढे एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे म्हणे. घातलं. काय घातलं ते इथे लिहीत नाही. वह्यांनाही कान असतात.

१९ जानेवारी

आला! आला! दारात उभा, चप्पल न काढता.

"काकी, नेटला काय झालंय काय?"

"नाय रे. तुझ्या बापाचं भजन तर चालू आहे."

"नाय म्हणजे... तुमचा कॉम्प्युटर पासवर्ड मागतोय."

"कोणाला मागतोय?"

"म्हणजे... मला."

"तुझ्या घरात बसून माझा कॉम्प्युटर तुला कशाला मागेल?"

डोकं खाजवलं. "प्रिंटर लावायचा होता, काकी."

"आमच्याकडे प्रिंटर कुठाय?"

रुचिका आत कानाची डबी तोंडावर दाबून हसत होती. तिकडे फोनवर कोण होतं त्याला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. हर्षद म्हणाला, "काकी, तुझंच नाव मोठं करतोय मी. तुझे गुडघे गेलेत, मांडवात बसून होतं का तुझ्याच्याने?" मी म्हटलं, "गुडघ्याने गात नाही मी." गेला. जाताना दार जरा जोरात लागलं.

रात्रीचं कालवण इतकं चवीचं झालं की सून म्हणाली, आज काय घातलंत?

२० जानेवारी

पासवर्ड! काय शब्द आहे! दिवसभर तोंडात घोळवतेय, खडीसाखरेसारखा.

२३ जानेवारी

खडीसाखर विरली. भिंतीतून पुन्हा मीच. रुचिका म्हणाली, "आजी, कुलूप आत्ताचं आहे. आधी जे नेलं ते त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच, ते परत येत नाही." हे आधी नाही सांगितलंस!

म्हणजे मी चोरी झाल्यावर कुलूप... जाऊ दे. एकसष्ट धवले त्याच्या डब्यात, आणि भाटीची हळद पंधरा दिवसांवर.

ताटातलं कालवण तसंच ठेवलं. सुनेने विचारलं ताप आहे का.

२४ जानेवारी

सुचलं!!!

त्याच्याकडे एकसष्ट आहेत. पण दिपेशच्या नावाचा एकही नाही. आणि एरंगळला तोंड पोळलंय त्याचं.

२५ जानेवारी, रविवार

नवा धवला रचला, गाऊन मोबाईलमध्ये भरला. दिपेश आणि गंधाली. नवरीचं नाव गंधाली आहे, सुलक्षणाकडून काढलं. भिकाजी नाखव्याचं, त्याच्या बायकोचं, गंधालीच्या आईबापाचं, सगळ्यांचं नाव ओवलं. इतका गोड झाला की रुचिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली दहा मिनिटं मध. आणि दहा मिनिटांनंतर हे—

मांडवाचे दारी गो उभा कोन चोर,
डब्यान भरला त्यानी काकीचा सूर.
हर्षद त्याचं नाव गो, बोलनं त्याचं गोड,
काकीचा गला चोरायची त्याला लागली खोड.

बापाचं नाव ओवायची रीत आहे. ओवलं नाही. भजनवाल्या माणसाला यात ओढायचं नाही.

रुचिका म्हणाली, "तो पूर्ण ऐकेल ना पण?" अगं, तो काय ऐकतो! त्याला पहिल्या ओळीत नाव मिळालं की पुरे, मग मागे धाड-धाड लावणार. माझं गाणं शेवटपर्यंत ऐकलं असतं तर चोरलंच नसतं त्याने.

मग म्हणाली, "आजी, पण गंधालीची हळद आहे गं ती. हळदीत असं वाकडं म्हणतात का?"

म्हणत नाहीत. माझ्या आईने शिकवताना पहिलं तेच सांगितलं होतं. हळदीत फक्त चांगलं बोलायचं, तिथे बोललेलं चिकटतं.

म्हटलं, चिकटू दे. चोरालाच चिकटेल. आणि तिला चहा टाकायला पाठवलं.

२६ जानेवारी

मोठी कामं झाली. खरे धवले सगळे दुसऱ्या डब्यात हलवले, आणि तो डबा विहिरीवर ठेवलाच नाही. "आजी" डब्यात एकच ठेवला. वर नाव घातलं, दिपेश-गंधाली हळद. मग शेअरिंगच्या पानावर जाऊन बटण पुन्हा झोपवलं. पासवर्ड विचारू नको! ये बाबा, ये. डोलीचं जाळं लावलं आहे. भरती येऊ दे.

आता हे मीच केलं, रुचिका नुसती मागे उभी. बाण माझं ऐकायला लागलाय.

२८ जानेवारी

घुसला! रुचिकाने एक पान दाखवलं, त्यात आपल्या डब्यात बाहेरून कोण हात घालतंय त्याचं नाव येतं. हर्षद! इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. रुचिकाने बोट ठेवून वाचून दाखवलं. सात वाजून दहा मिनिटांनी आला, सव्वासातला गेला. पाच मिनिटांत घेऊन गेला हावरट.

लगेच बटण उठवलं, किल्ली फिरवली. भिंतीतून थोड्या वेळाने "दिपेश बाला" ऐकू आलं. फक्त पहिल्या दोन ओळी. पुन्हा पहिल्या दोन ओळी. मी म्हटलं होतं ना!

देवाला नारळ बोलले. मग वाटलं, अशा कामाला नारळ बोलावा का? मग म्हटलं, बोलले तर बोलले.

८ फेब्रुवारी, सकाळ

चहा बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

काल संध्याकाळी भाटीला गेले. पाहुणी म्हणून गेले, धवलारीण म्हणून नाही. अबोली रंगाचं लुगडं नेसले. बायकांत मागे बसले. भिकाजी नाखव्याची बायको आली, मान वळवून म्हणाली, "अंजनाबाय, गला बरा हाय काय आता?" मी म्हटलं, "ऐक, ऐकशील आता."

हर्षद समोर, काळा चष्मा, संध्याकाळी! धवला सुरू झाला. दिपेशचं नाव आलं, गंधालीचं आलं, तिच्या आईचं आलं. बायका माना डोलवायला लागल्या. हर्षद माझ्याकडे बघून हसला. हसला! जसं काय माझ्यावर उपकार. मी पण हसले. मी मिनिटं मोजत होते.

"मांडवाचे दारी गो उभा कोन चोर—"

आधी कोणाला कळलंच नाही. "हर्षद त्याचं नाव गो" आलं आणि पूर्ण मांडव थिजला. हर्षदचा चष्मा नाकावर घसरला. आणि गंमत बघ, त्या गाढवाने शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा वाजेल असं लावलेलं, पोरांना नाचायला! ते मशीन थांबेना. चोर, चोर, चोर, काकीचा गला! धाड-धाड! तो वायरी उपटतोय, कुठली कोणाची त्यालाच कळत नाही. दिवे गेले, पंखे गेले, मी मात्र गातेच आहे!

आणि मग कोणीतरी हसलं. नवराच हसला, दिपेश. मग जी हसण्याची लाट उठली! पोरं उठली, नाचायला लागली. "हर्षद त्याचं नाव गो" म्हणत त्याच्याच भोवती. भिकाजी नाखवा पोट धरून म्हणाला, "अंजनाबाय, ये पुढे, पुढचं कडवं म्हन!" मी गेले. गुडघे कुठे होते आठवत नाही. तिथल्या तिथे रचलं—

कुलूप लाविलं काकीनी, चावी तिचे पोटान,
चोराचं नाव आलं गो पाचशेंचे ओठान.

तीनदा म्हणायला लावलं. शिट्ट्या! माझ्या धवल्याला शिट्ट्या! गंधालीने, त्या हळदीने माखलेल्या पोरीने, माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. हर्षद स्पीकरच्या मागे बसला होता. मान खाली. पुरे झालं मला. मरायला मोकळी झाले.

सकाळी आरशात बघितलं. हळद अजून आहे. धुतली नाही.

९ फेब्रुवारी

भिंतीपलीकडे शांत. धाड-धाड नाही, काही नाही. एवढी शांत झोप मला वर्षभरात लागली नव्हती. दुपारी मुद्दाम मोठ्याने गाऊन भांडी घासली.

१० फेब्रुवारी

बाजारात सगळे वाट करून देतात. बर्फवाल्याने फुकट बर्फ दिला. सुलक्षणा म्हणते व्हिडिओ पार मालवणी गेटपर्यंत पोचला. पाहू दे. गळा गेला म्हणत होते ना!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हर्षद आला. चप्पल काढून आला, खाली बसला. "काकी, नऊ हळदींचं बोलावणं आलंय. सगळ्यांना तू पाहिजेस. स्वतः. चोराचं कडवं म्हणायला. मी बाजूला कान धरून उभा राहायचं, असं ठरलंय."

मी विचारलं, "आणि हळद लावतानाचा धवला?"

"तो कशाला म्हणतेस, काकी? तो आहे की माझ्याकडे. नावं तुझ्याच आवाजातून कापून जोडीन, स्पीकरवर लावीन. तू दमशील."

मी हो म्हटलं. नऊ मांडवांत बोलावणं, आणि हळद लागणार डब्यावरच.